शेजारच्या सीटवरचा ब्रेक

मास्तरांच्या उजव्या पायाला एक खोड होती. बसमध्ये बसले, की समोरच्या सीटखाली तो पाय दाबायचा. कुणाच्या स्कूटरवर मागे बसले, की फूटरेस्टवर दाबायचा. घरी टीव्हीवर नुसती मोटार पळताना दिसली, तरी पायाखालच्या सतरंजीला सुरकुती पडायची. बायको म्हणायची, "अहो, सतरंजी थांबलेलीच आहे. ती कुठे पळून जात नाही."

मास्तर मोटार शिकवायचे. गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्यालगत एक बंद पडलेलं गोदाम होतं, त्यामागे त्यांचं मोकळं मैदान, आणि मैदानाच्या कोपऱ्यात पत्र्याची खोली. खोलीत एक बाक, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, आणि टेबलावर आतले दात दिसावेत म्हणून अर्धा कापलेला गिअरबॉक्स. शिकायला येणारा माणूस आधी त्या गिअरबॉक्सकडे बघून घाबरायचा. मग मास्तर त्याला गाडीत बसवायचे आणि म्हणायचे, "घाबरायचं काम माझं. तुम्ही फक्त समोर बघा."

शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही पेडलं असतात. एक क्लच आणि एक ब्रेक. ॲक्सिलरेटर नसतो. मास्तरांचं उभं आयुष्य त्या सीटवर गेलं. म्हणजे गाडी थांबवायची सोय त्यांच्याकडे कायम होती, पळवायची कधीच नव्हती. ही गोष्ट त्यांच्या ध्यानातही आली नाही, कारण त्यांना ती पळवायची नव्हतीच. मागची गाडी भोंगा वाजवून वाजवून थकली, तरी मास्तरांचा विद्यार्थी आपल्या संथ चालीने पुढे. गावातला बेकरीवाला त्यांच्याकडेच शिकलेला. तो अजूनही पावाची गाडी इतकी सावकाश हाकायचा, की लोक म्हणायचे, मास्तरांचा विद्यार्थी दिसतोय, सकाळचा पाव दुपारी मिळेल.

रोज सकाळी पहिला धडा सुरू करण्याआधी मास्तर स्टिअरिंगला हात लावून डोळे मिटायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, देवा, आज कुणाचं बोटही दुखू देऊ नकोस. देवावर त्यांचा पूर्ण भरवसा होता, पण पाय मात्र ब्रेकवरच असायचा. दोघांनी मिळून काम चोख केलं. मास्तरांकडे शिकताना कुणी कधी कशाला धडकलं नाही. हा त्यांचा अभिमान. तो ते बोलून दाखवत नसत, पण दुसऱ्या कुणी बोलून दाखवला, तर मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकून घेत.

गावातल्या निम्म्या बायाबापड्यांना त्यांनी गाडी शिकवली. राहिली ती एकच, त्यांची स्वतःची बायको. लग्नानंतर काही दिवस ती शिकायला बसली होती, मग एका सकाळी म्हणाली, उद्यापासून मी येत नाही. कुणी विचारलं तर मास्तर सांगायचे, "तिला आवड नाही हो." आणि ती ते ऐकून भाजी निवडत राहायची.

त्यांना एकुलती एक मुलगी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणायचे, आणि मोठी झाली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. भिंगरी मोठ्या शहरात गो-कार्टच्या ट्रॅकवर कामाला होती. गो-कार्ट म्हणजे बुटक्या, उघड्या, एका माणसाच्या गाड्या. बसलं की बूड रस्त्याला टेकल्यासारखं वाटतं, आणि साधा वेगसुद्धा कानात वारा भरतो. तिकिटाच्या खिडकीपासून इंजिनाच्या तेलापर्यंत तिथलं सगळं काम तिने हाताखालून घातलं, आणि एक दिवस बॅग घेऊन घरी आली. रात्रीच्या जेवणाला बसताना तिने विषय काढला.

"बाबा, आपलं मैदान आहे. शिकायला येणारे आता कमी झालेत. आपण तिथे कार्टचा ट्रॅक करू."

मास्तरांचा घास हातातच राहिला. "म्हणजे ज्या जागेवर मी लोकांना हळू चालवायला शिकवलं, त्याच जागेवर तू त्यांना जोरात चालवायला शिकवणार."

"शिकवणार नाही. चालवू देणार."

"आणि आपटले म्हणजे?"

"आपटतात की. त्यासाठीच कडेने टायर लावतात."

"ऐकलंस?" मास्तर बायकोकडे वळले. "आपटायची सोय करतेय ही."

बायको म्हणाली, "आमटी निवतेय. आधी जेवा. ट्रॅक काय लगेच ताटात येत नाहीये."

मास्तरांनी बरेच दिवस नन्नाचा पाढा लावला. शेवटी लेक म्हणाली, निदान एकदा येऊन बघा. तेव्हा ते तिच्याबरोबर तिच्या जुन्या कामाच्या ठिकाणी गेले. ट्रॅकच्या कठड्याशी उभे राहून ते गाड्या बघत होते. खरं तर गाड्या कमीच दिसल्या, पाय दाबून दाबून पोटरीला गोळा आला होता. इतक्यात शेजारच्या माणसाच्या हातातली डबी त्यांना दिसली. तळहाताएवढी काळी डबी, तिच्यावर ओळीने बटणं.

"हे काय?"

"प्रत्येक गाडीचं एक बटण," लेक म्हणाली. "कुणी फारच मस्ती करायला लागला, की त्याचं बटण दाबायचं. गाडी एकदम धिम्या गतीवर येते. आणि हे मोठं तांबडं बटण सगळ्यांचं. अपघात झाला, की ते दाबायचं, म्हणजे सगळ्याच गाड्या हळू होतात."

मास्तरांनी ती डबी हातात मागून घेतली. उलटी करून पाहिली, वजन पाहिलं. मग ते घरी परत आले. दारात चपला काढता काढता म्हणाले, "ती डबी माझ्या हातात राहणार असेल, तर शाळा बंद करतो. ट्रॅक कर."

"डबी तुमचीच, बाबा," भिंगरी म्हणाली.

असा करार झाला. शाळेची पाटी उतरली. दोन-दोन ब्रेकांची ती जुनी गाडी गोदामाच्या सावलीत उभी राहिली आणि ट्रॅकसाठी नेमलेल्या मिस्त्रींनी तिचे सुटे भाग काढायला घेतले. मास्तर तिकडे बघायचं टाळत. आपल्याला आता डबी आहे, असं मनाशी म्हणत पुढे जात.

ट्रॅक आखायचं काम मास्तरांनी मोठ्या हौसेने अंगावर घेतलं. बादलीत चुन्याची फक्की घेऊन ते सकाळी मैदानात उतरायचे, आणि ओळ कशी सरळ! लेक मागून येऊन ती चपलेने पुसायची. पहिल्या दिवशी त्यांनी भला मोठा इंग्रजी आठ काढला. लायसन्सच्या परीक्षेला आठच काढायचा असतो, हाताला तेच वळण. भिंगरी मधल्या फुलीवर उभी राहिली.

"बाबा, इथे काय होईल?"

"काय होईल?"

"एक गाडी इकडून येईल, दुसरी तिकडून. मग दोघं भेटतील आणि घरच्यांची चौकशी करतील."

मास्तरांनी हसू दाबत फक्कीवर पाय फिरवला. मग वळणांवरून वाद झाला. मास्तरांची वळणं ऐसपैस. लेक म्हणाली, एवढ्या वळणात माणूस डबा उघडून दोन घास खाऊन घेईल. तिने आखलेली वळणं मास्तरांना चिमट्यासारखी वाटायची. असं करत, एकाने आखत आणि एकाने पुसत, त्यांचा रस्ता आकाराला आला. सरळ लांब पट्टा आणि त्याच्या टोकाला एक घट्ट वळण, यावर मात्र लेक अडून बसली. हात कोपरात मुडपावा तसा तो रस्ता मुडपत होता, म्हणून तिने त्याला नावच ठेवलं, कोपर. "तिथे ब्रेक वेळेवर मारायची मजा आहे," ती म्हणाली. मास्तरांना त्यात मजेसारखं काही दिसेना. त्यांनी पंक्चरवाल्यांच्या दुकानांतून टायर गोळा करून आणले, पाणी साचून डास होऊ नयेत म्हणून प्रत्येकाला भोकं पाडली, बोल्टने एकमेकांना जखडले, आणि बाकी ट्रॅकला जेवढी रास तिच्या तिप्पट एकट्या कोपराला लावली.

डांबर घातलं, रोलर फिरला. मास्तरांनी जागोजागी बादलीने पाणी ओतून ते कुठे वाहतं आणि कुठे रेंगाळतं ते पाहिलं, आणि जिथे रेंगाळलं तिथलं डांबर पुन्हा करून घेतलं. बायकोने घरच्या मशीनवर सुती टोप्या शिवल्या. हेल्मेट दहा डोक्यांवर चढणार, आत प्रत्येकाला स्वच्छ टोपी नको का? शिवता शिवता एक टोपी तिने आपल्या डोक्यावर बसवून पाहिली. आरशासमोर जरा उभीही राहिली. मास्तरांनी दारातून ते पाहिलं, पण त्यांना वाटलं, माप घेतेय.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी चाचणीची फेरी ठेवली होती. बोलावली होती जुनी विद्यार्थी मंडळी. बेकरीवाला आला, औषधाच्या दुकानातली बाई आली, आणखी दोघंतिघं आली. भिंगरी स्वतःही एका गाडीत बसली, कारण गाड्या एकमेकींच्या मागे कशा धावतात ते तिला आतून बघायचं होतं. कठड्यामागच्या लाकडी माचावर मास्तर डबी घेऊन उभे. झेंडा पडला आणि सगळ्या गाड्या भुंग्यांच्या थव्यासारख्या गुणगुणत सुटल्या.

पहिल्या दोन फेऱ्या बेकरीवाला पाव पोचवायला निघाल्यासारखा चालला होता. तिसऱ्या फेरीला त्याच्या अंगात काय संचारलं देव जाणे. लांब पट्ट्यावर त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचललाच नाही. मास्तरांनी पाहिलं, हा कोपराशी जरा जास्तच वेगाने पोचतोय. पाहिलं असं म्हणायचं एवढंच. कारण पाहणं आणि दाबणं यांच्यामध्ये मास्तरांच्या आयुष्यात कधी फट राहिलीच नव्हती. पाय माचावर दाबला गेला आणि त्याच झटक्यात अंगठा बटणावर.

बेकरीवाल्याने ब्रेक मारायला घेतलाच होता. त्याची त्याने गाडी वळवलीही असती. पण वळणाच्या ऐन पोटात त्याच्या इंजिनाचा आवाज एकदम बसला आणि गाडी रस्त्याच्या मध्यावर म्हशीसारखी रेंगाळली. मागून भिंगरी येत होती. पुढची गाडी पुढेच जाईल या हिशेबाने येत होती. तिने चाक फिरवलं, त्याला वाचवलं आणि स्वतः टायरांच्या राशीत जाऊन आदळली.

रास भक्कम होती. लेकीचं मनगट मुरगळलं, एवढ्यावर निभावलं. मास्तर माचावरून खाली उतरले. मास्तरांच्या नजरेखाली पहिल्यांदा कुणी धडकलं होतं, आणि ती त्यांची पोर होती, आणि कारण त्यांचा अंगठा होता.

बेकरीवाला हेल्मेट काढून सगळ्यांना सांगत होता, "गाडी आपोआप बसली हो. मी काही केलं नाही." मास्तर त्याच्यापाशी गेले आणि म्हणाले, "तुम्ही काही केलं नाहीत. मी केलं."

संध्याकाळी मनगटाला पट्टी बांधून भिंगरी डाव्या हाताने चमच्याने भात खात होती. तिचा स्वर वाढला नाही, म्हणूनच मास्तरांना जास्त लागलं.

"बाबा, रस्त्यावर तुमच्या गाडीत तुम्ही आणि तो विद्यार्थी, दोघंच असता. थांबवली की संपलं. इथे एकाला मध्येच थांबवलं, की तो मागच्याच्या वाटेतला दगड होतो. चुकण्याआधी दाबायचं नसतं. चुकला, आपटला, की मग सगळ्यांना एकदम हळू करायचं."

"कळलं."

"कळलं हो, पण हाताला नाही ना कळलेलं." तिने चमचा खाली ठेवला. "उद्या डबी मिस्त्रींकडे राहू दे."

मास्तर पानावरून उठले. शाळा गेली, गाडी गेली, आता डबीही गेली. उद्या लोक येतील, त्यांची मैदानातली जागा विचारतील, आणि आपण काय सांगणार? टायरांना भोकं मी पाडली?

लेक आपल्या खोलीत गेल्यावर मास्तर स्वयंपाकघरात येऊन उंबऱ्याशी बसले. बायको देवापुढचं निरांजन सारखं करून धुतलेल्या टोप्या दोरीवर टाकत होती.

"मी गाडी शिकायची का सोडली, ठाऊक आहे तुम्हाला?" तिने पाठमोरीच विचारलं.

"आता हे मध्येच कुठे? तुला आवड नव्हती."

"असं तुम्ही म्हणालात. मी नुसतं खोडून काढलं नाही." तिने टोपी झटकली. "वळण आलं, की मी मनाशी ठरवायची, आता ब्रेक मारायचा. आणि माझा पाय पोचायच्या आत गाडी हळू झालेली असायची. ती मी केली का तुम्ही केली, मला कळायचंच नाही. रोज तेच. मग मी पाय उचलायचाच सोडला. म्हटलं, नुसतं चाक धरून बसायचं, तर घरी परात धरलेली काय वाईट?"

मास्तर म्हणाले, "तुला लागलं असतं गं."

"लागलं असतं. मग कळलंही असतं."

"इतकी वर्षं बोलली नाहीस."

"तुम्ही काळजीने करत होतात. काळजी करणाऱ्याला काय बोलायचं?" ती वळली. "पण आता ऐकून ठेवा. उद्या पहिल्या गटात मी बसणार आहे. भिंगरीला सांगितलंय."

"तू?"

"टोपी शिवलीय माझ्या मापाची."

मास्तर उठून दारापर्यंत गेले, परत आले, आणि पुन्हा उंबऱ्याशी बसले. बायकोने त्यांच्या पायाकडे पाहिलं. तो फरशीवर दाबला जात होता. तिने मान फिरवून घेतली आणि उरलेल्या टोप्या वाळत घातल्या.

सकाळी मिस्त्री गोदामाशी आले, तेव्हा मास्तर आपल्या जुन्या गाडीच्या शेजारच्या सीटपाशी ओणवे होऊन आत काहीतरी खुडबुड करत होते.

"मिस्त्री, हा ब्रेक सोडवून द्या."

"तो तसाही निघणारच आहे, मास्तर. भंगारात."

"भंगारात नको. पेडल दांडीसकट काढा, खाली स्प्रिंग असू द्या, आणि एका जाड फळीवर बसवा. फळी माचावर ठोकायची."

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. "आणि जोडू कशाला?"

"कशालाच नको."

"कशालाच?"

"कशालाच."

मिस्त्री त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. "मास्तर, झोप झाली ना नीट?"

"झोपेचं सोडा. पाय दाबल्यावाचून राहत नाही, आणि पाय दाबला की अंगठाही त्याच्यामागे जातो. पायाला त्याचं काम देऊन बघतो. अंगठा कदाचित मोकळा होईल."

मिस्त्रींनी डोकं खाजवलं, पण फळी उत्तम बसवली. झिजून गुळगुळीत झालेलं रबर, त्यावर मास्तरांच्या बुटाचा खोलगट ठसा. त्यांनी पाय ठेवला. पेडल खाली गेलं, वर आलं. मास्तरांच्या चेहऱ्यावर, हरवलेली वस्तू सापडल्यावर येतं तसं काहीतरी आलं.

मग त्यांनी लेकीला बोलावलं. "डबी दे आणि माझी परीक्षा घे," ते म्हणाले. "मिस्त्री गाडी चालवतील. त्यांना वाईट चालवायला सांग."

"मला चांगली तरी कुठे येते?" म्हणत मिस्त्री बसले, आणि त्यांनी शब्द राखला. गाडी कडेला घासली, वळणात तिरपी झाली, एकदा तर मातीत उतरता उतरता राहिली. माचावरची फळी खाडखाड वाजत होती. मास्तरांचा पाय पार तळापर्यंत जात होता, कपाळावर घाम होता, आणि अंगठा बटणापासून काडीभर वर हवेत थरथरत होता. पण खाली येत नव्हता. शेवटी कोपराशी मिस्त्री खरोखरच टायरांत शिरले. तेव्हा मास्तरांनी आधी मागचा रस्ता पाहिला, आणि मग तांबडं बटण दाबलं.

पट्टी बांधलेला हात छातीशी धरून भिंगरीने फळीकडे पाहिलं, बापाच्या पायाकडे पाहिलं.

"मिस्त्रींना वाचवायचं तुमच्या मनात नसेल," ती म्हणाली. "आई पहिल्या गटात आहे, बाबा. तेव्हा डबी घ्याल?"

"तिला मी शिकू दिलं नाही गं कधी."

"म्हणूनच विचारते. नको असेल तर आत्ता सांगा, मिस्त्री उभे राहतील. कुणी काही म्हणणार नाही."

मास्तर खाली उतरले. गाड्या ओळीत उभ्या होत्या. जिच्यात बायको बसणार होती, तिच्या लहानशा चाकावर त्यांनी हात ठेवला आणि डोळे मिटले. देवा, आज कुणाचं बोटही, असं सवयीने म्हणायला लागले आणि अडले. मग म्हणाले, दुखलं तर फार दुखू देऊ नकोस. बाकी तुझं तू बघ, मी फक्त बघतो.

"घेतो," त्यांनी लेकीला सांगितलं.

दुपार कलली तशी माणसं जमली. कुणी उत्साहाने आलं, कुणी मास्तरांना काय अवदसा आठवली ते बघायला आलं. बायको डांगरी घालून आली तेव्हा मैत्रिणींनी तिला ओळखलंच नाही. केस टोपीत बसवलेले, वर हेल्मेट, मागे पुढे लोंबणारं काही नाही. लेकीने तिला दोन पेडलं दाखवली. "उजवं पळवायचं, डावं थांबवायचं."

"दोन्ही माझीच ना?" तिने विचारलं.

"दोन्ही तुझीच."

झेंडा पडला. पहिली फेरी ती सगळ्यांच्या मागे होती. दुसऱ्या फेरीला तिने औषधाच्या दुकानातल्या बाईला मागे टाकलं आणि कठड्यापाशी उभ्या असलेल्या मैत्रिणींनी शिट्ट्या मारायचा प्रयत्न केला, कुणालाच आली नाही. मास्तरांना बाकीच्या गाड्या दिसतच नव्हत्या. मग त्यांनी मुद्दाम नजर फिरवून त्या बघितल्या. बेकरीवाला कुठे आहे, त्याच्यामागे कोण आहे, पुन्हा तिच्याकडे. फळी हळूहळू वाजत होती.

मग ती लांब पट्ट्यावर आली. तिनेही पाय उचलला नाही. मास्तरांना ते आवाजावरून कळलं. इंजिन एका पट्टीत चढत गेलं ते खाली आलंच नाही, आणि कोपर जवळ आलं, अगदी जवळ आलं. आता, मास्तर ओठांतल्या ओठांत म्हणाले, आता, आता मार. पेडल खाली जाऊन फळीला टेकलं, स्प्रिंग करकरली. अंगठा वर होता. तिने ब्रेक मारला. उशिरा मारला, पण तिचा तिने मारला. गाडीचं शेपूट सुटलं, ती गर्रकन फिरली आणि पाठमोरी जाऊन टायरांच्या राशीत रुतली.

मास्तरांनी मागे पाहिलं. बेकरीवाला पट्ट्यावर आला होता. त्यांनी तांबडं बटण दाबलं. ट्रॅकभरचा आवाज एकदम खाली बसला. भिंगरीने पिवळा झेंडा उंच केला आणि बेकरीवाला, जन्मभराच्या सवयीला जागून, रुतलेल्या गाडीच्या बाजूने पाव पोचवायला निघाल्यासारखा सावकाश निघून गेला.

टायरांच्या राशीत काही हालचाल दिसेना. मास्तरांना खाली पळावंसं वाटलं. पण बाकीच्या गाड्या अजून ट्रॅकवर होत्या, डबी त्यांच्या हातात होती, आणि डबी असलेल्या माणसाने जागा सोडायची नसते. ते उभे राहिले. मग टायरांमागून एक हात वर आला. मिस्त्री धावत गेले, त्यांनी गाडी ओढून सरळ केली, आणि बायको ती स्वतः चालवत आत घेऊन आली.

माचापाशी येऊन तिने हेल्मेट काढलं. टोपी घामाने चिंब झाली होती. ती वर मास्तरांकडे बघत होती.

"तुम्ही दाबलं होतंत?"

"आपटल्यावर. सगळ्यांसाठी."

"आधी नाही?"

"आधी नाही."

"जरासुद्धा?"

"नाही म्हटलं ना."

"म्हणजे आपटले ती माझी मी आपटले."

"तुझी तू." मास्तर माचावरून वाकले. "लागलं का कुठे?"

"ढोपर हुळहुळतंय." तिने टोपी काढून पिळली, पुन्हा डोक्यावर बसवली. "ब्रेक उशिरा मारला मी. कोपराअलीकडच्या त्या पांढऱ्या रेघेच्या जरा आधी मारायला हवा होता. आता पुढच्या गटात बसते."

रेघेच्या नेमका किती आधी, हे मास्तरांच्या जिभेवर आलं. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पाय मात्र दाबला गेला आणि फळी वाजली. तिने माचावर चढून, वाकून ते झिजलेलं पेडल पाहिलं, त्याखालची फळी पाहिली, मागे कुठे तार जाते का तेही पाहिलं.

"हे आपल्या गाडीतलं ना? कशाला जोडलंय?"

"कशालाच नाही."

"मग दाबा खुशाल," ती म्हणाली आणि हेल्मेट चढवत रांगेत जाऊन उभी राहिली.